‘मुलं आता मोठी झालीत’ या वाक्याबद्दल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत पन्नाशीनंतर वेगळं होणाऱ्या जोडप्यांवर लेख आला होता. चांगला होता, लिहिणाऱ्या बाईंनी कुणालाच दोष दिला नाहीये आणि खरं म्हणजे माझ्या आईनेच मला त्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवला. पण त्यात एक वाक्य होतं, की या वयात वेगळं होणं त्यातल्या त्यात सोपं जातं कारण मुलं मोठी झालेली असतात. तिथे मी अडकले. हे वाक्य मी गेल्या सात वर्षांत आत्याकडून ऐकलंय, मामाकडून ऐकलंय, वकिलांकडून, शेजारच्या काकूंकडून, बाबांच्या बँकेतल्या मित्रांकडून आणि आई-बाबा दोघांकडूनही ऐकलंय, आणि आता ते नुसतं वाचलं तरी पोटात गोळा येतो. म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं तर कापा पण नाव छापू नका, कारण ही गोष्ट एकट्या माझी नाहीये, आई, बाबा आणि धाकटा भाऊ असे तिघेजण त्यात आहेत आणि त्यांना मी विचारलेलं नाही.

मी २७ वर्षांची आहे, पुण्यात नोकरी करते, गाव पश्चिम महाराष्ट्रातलं एक जिल्ह्याचं ठिकाण. आई-बाबांचा घटस्फोट २०१९ च्या जूनमध्ये झाला तेव्हा मला एकवीस पूर्ण व्हायला दोन महिने होते. त्याच्या दोन वर्षं आधी आम्हाला सांगितलं होतं की बाबांची बदली झालीय. बँकेची नोकरी, बदल्या आमच्या घराला नवीन नव्हत्या, त्यामुळे कुणालाच काही वाटलं नाही. मी हॉस्टेलला, माझी सबमिशन्स, ओरल्स, माझं माझं चाललेलं, बाबा आधी दर शनिवारी घरी यायचे ते महिन्यातून एकदा यायला लागले आणि नंतर फक्त सणाला, हे माझ्या लक्षातच आलं नाही. २०१८ ची भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना आई म्हणाली की आम्ही वेगळं व्हायचं ठरवलंय, अर्ज करतोय, म्युच्युअल आहे, भांडण नाही. बाबा समोर बसलेले, ते मान खाली घालून पेपरची घडी करत होते.

नंतर मी कायदा वाचला. हिंदू विवाह कायदा १९५५, कलम १३-ब, परस्पर संमतीने घटस्फोट घ्यायचा तर अर्ज करायच्या आधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, मग अर्जानंतर सहा महिने थांबायचं आणि मग पुन्हा कोर्टापुढे जाऊन हो म्हणायचं. (ते सहा महिने काही केसेसमध्ये माफ करता येतात असं सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये सांगितलंय, पण आमच्याकडे ते कुणी मागितलं नाही.) तर कायद्याला जे एक वर्ष लागतं ना, ते म्हणजे आमच्या घरातली ‘बदली’. बाबांनी ती मागून घेतली होती. हे कळल्यावर मला घटस्फोटाचं जितकं वाईट वाटलं त्याहून जास्त या गोष्टीचं वाटलं की मी एक वर्षभर फोनवर विचारत होते, बाबा तिकडचं जेवण कसंय, आणि ते सांगत होते, चांगलंय गं.

लहान मुलांच्या बाबतीत लोक म्हणतात की त्यांना काही कळत नाही. आमच्या वयाचा प्रॉब्लेम उलटा आहे, आम्हाला मागचं सगळं आठवतं. मी हॉस्टेलच्या खोलीत बसून रात्र रात्र फोनमधले जुने फोटो बघायचे. दहावीचा रिझल्ट, महाबळेश्वरला आईचा स्ट्रॉबेरी क्रीमचा ग्लास धरून बाबा उभे आहेत तो फोटो, भावाच्या मुंजीत दोघं पाटावर बसलेत तो. आणि प्रत्येक फोटोला मनात एकच प्रश्न, तेव्हा होतं का सगळं नीट, की तेव्हाच ठरलेलं होतं? वीस वर्षांच्या मुलीकडे वीस वर्षांचा भूतकाळ असतो आणि तो अख्खा एका सकाळी संशयात जातो. सहा वर्षांच्या पोराचं घर मोडतं तेव्हा त्याचं पुढचं आयुष्य बदलतं, माझं मागचं पण बदललं.

त्यात आई एकदा बोलून गेली, ‘तुम्ही मोठे व्हायची वाट बघत थांबले होते.’ तिने ते प्रेमाने म्हटलं हे मला तेव्हाही कळत होतं. तिने खरंच सोसलं असेल. पण ऐकणाऱ्याला काय होतं ते सांगते. माझा अठरावा वाढदिवस, बारावीचा निकाल, हॉस्टेलला सोडायला दोघं आले होते तो दिवस, हे सगळे माझ्या आनंदाचे दिवस त्यांच्यासाठी कॅलेंडरवर खोडायच्या तारखा होत्या असं वाटायला लागलं. आणि माझ्यामुळे ही बाई इतकी वर्षं अडकली हा अपराध वेगळाच. पालकांनो, थांबला असाल तर थांबला असाल, पण ते मुलांना सांगू नका प्लीज. ते ओझं उतरवून ठेवायला आम्हाला जागा सापडत नाही.

आता कोर्टाचं. अर्जानंतर एकदा समुपदेशकांपुढे जायचं होतं, मी मुद्दाम सुट्टी टाकून आले होते, आईच्या सोबतीला. भाऊ तेव्हा सतरा वर्षांचा, कायद्याच्या भाषेत ‘अज्ञान’, म्हणजे अठराच्या आतला, त्यामुळे मॅडमनी त्याला आत बोलावलं, वीसेक मिनिटं त्याच्याशी बोलल्या, त्याला काय वाटतं, कुणाकडे राहायचंय, अभ्यासाचं काय, झोप लागते का, सगळं विचारलं. मी बाहेर बाकावर. मी दारात जाऊन विचारलं पण, की मी पण बोलू का, तर त्या अगदी सौजन्याने म्हणाल्या की तुम्ही सज्ञान आहात, तुमचा प्रश्न या अर्जात येत नाही. त्यांचं काही चुकलं नाही. कलम २६ मध्ये ताबा, देखभाल आणि शिक्षण जे काय लिहिलंय ते अज्ञान मुलांपुरतं लिहिलंय. अठरा पूर्ण झाली की तुम्ही त्या फाईलमध्ये नसता. माझा भाऊ आत आणि मी बाहेर, आमच्यात तीन वर्षांचं अंतर, आणि मोडत होतं ते घर एकच होतं.

भावाला कागद मिळाला. पहिला आणि तिसरा शनिवार बाबांकडे, दिवाळीची अर्धी सुट्टी, मे महिन्याची अर्धी सुट्टी, फी कोण भरणार तेही लिहिलेलं. तो वैतागायचा त्या कागदावर, म्हणायचा मी काय पार्सल आहे का. आणि मला, खरं सांगते, त्याचा हेवा वाटायचा. कारण त्याला कुणाकडे कधी जायचं हे ठरवावं लागत नव्हतं, ते कोर्टाने ठरवलेलं होतं आणि कुणी त्याच्यावर रुसू शकत नव्हतं. मी ‘मोठी’ असल्यामुळे प्रत्येक वेळी मी निवडायचं. आईकडे चार दिवस राहिले की बाबांचा आवाज पडलेला, बाबांकडे गेले की आई म्हणणार, जा ना, माझी काहीच हरकत नाही, आणि मग दोन दिवस फोन नाही.

त्यातच मी पोस्टमन झाले. ‘बाबांना विचार गॅसचं कनेक्शन कुणाच्या नावावर ठेवायचं.’ ‘आईला सांग माझी पीपीएफची पासबुकं कपाटात डाव्या बाजूला आहेत.’ इथपर्यंत ठीक होतं. मग हळूहळू निरोपांची जागा मनातल्या गोष्टींनी घेतली, बाबा रात्री अकराला फोन करून विचारायचे की आईने लग्नाच्या पहिल्या वर्षापासून मला कधी माणूस म्हणून बघितलं का गं, आणि आई स्वयंपाकघरात कांदा चिरता चिरता अशा गोष्टी सांगायची ज्या कुठल्याच मुलीने आपल्या बापाबद्दल ऐकू नयेत. बहीण नव्हती आईला, बाबांना मित्र होते पण पुरुष मित्रांशी काय बोलणार. मग उरले मी. मोठी, समजूतदार, इंजिनियरिंगला असलेली. लहान मुलासमोर असं कुणी बोललं तर चार लोक अडवतात, अहो पोरासमोर काय बोलताय म्हणून. मला वाचवायला कुणी आलं नाही कारण मी पोर नव्हते.

फीची गोष्ट लिहायलाच हवी कारण ती बऱ्याच घरांत होते. २०१९ च्या जुलैमध्ये शेवटच्या वर्षाची फी भरायची होती. कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी मान्य करून कोर्टात दिलेल्या अटींत, भावाचं सगळं लिहिलेलं, माझ्याबद्दल एक ओळ नाही, कारण दोघांनी तोंडी ‘बघू ना आपण’ म्हटलेलं. बाबांना वाटत होतं की आईला जी एकरकमी रक्कम दिली त्यात ते धरलंय, आईला वाटत होतं की मुलीचं शिक्षण बापानेच करायचं. दोघंही वाईट नाहीत, दोघांनीही शेवटी अर्धे अर्धे दिले, पण मधले पाच आठवडे मी एकदा याला आणि एकदा त्याला फोन करत होते आणि लेट फी चढत होती, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा असं वाटलं की मी कुणाचीच नाही. तेव्हा मला माहीतही नव्हतं की हिंदू दत्तक आणि निर्वाहाचा १९५६ चा कायदा आहे, त्याच्या कलम २० नुसार लग्न न झालेली आणि स्वतःचा खर्च भागवू न शकणारी मुलगी सज्ञान झाली तरी देखभाल मागू शकते, आणि सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं. मुलाला मात्र त्या कलमात अठरापर्यंतच. २०२५ च्या जानेवारीत अजून एक निकाल आला तो वाचून तर मी रडले. सव्वीस वर्षं वेगळं राहिलेल्या नवरा-बायकोची मुलगी, आयर्लंडला शिकणारी, वडिलांनी शिक्षणासाठी दिलेले ४३ लाख स्वाभिमान म्हणून घ्यायला तयार नव्हती, आणि कोर्टाने सांगितलं की शिक्षणाचा खर्च आई-वडिलांकडून मिळणं हा मुलीचा हक्क आहे, ते पैसे तिने ठेवावेत. तिने का नाकारले असतील ते मला बरोब्बर कळलं. पैसे घेतले की आपण एका बाजूचे होतो, असं वाटत राहतं.

२०१९ चीच दिवाळी. भावाची वाटणी कागदावर होती, पहिले दिवस आई, मग बाबा. मला ठरवायचं होतं आणि मला ठरवता येईना. मी आईला सांगितलं बाबांकडे जातेय, बाबांना सांगितलं आईकडे जातेय, आणि हॉस्टेलवर राहिले. मेस बंद, अख्ख्या मजल्यावर मी आणि परराज्यातल्या दोन मुली. लक्ष्मीपूजनाला खाली वॉचमनकाकांच्या खोलीसमोर पणत्या लावलेल्या दिसल्या, काकूंनी वर येऊन चिवडा आणि दोन करंज्या दिल्या आणि एक अक्षर विचारलं नाही, का गेली नाहीस म्हणून. त्या बाईचे उपकार मी विसरणार नाही. भाऊबीजेला भावाने फोन केला, ताई तू आहेस कुठे, इथे पण नाहीस तिथे पण नाहीस. त्याला कळलं होतं. त्याने कुणाला सांगितलं नाही.

डिसेंबरमध्ये तो अठराचा झाला. केक कापून झाल्यावर गच्चीवर मला म्हणाला, ताई, आता तो कागद संपला, आता मी पण तुझ्यासारखा. आणि पुढे तीन महिन्यांनी लॉकडाऊन. हॉस्टेल दोन दिवसांत खाली करा म्हणाले, दोघांचे फोन आले, ये माझ्याकडे. मी आईकडे गेले कारण भाऊ तिथे होता आणि मिळाली ती गाडी तिकडची होती, एवढंच कारण. बाबा एकटे एका वन बीएचकेमध्ये, बँक चालूच, रोज जायचे, भाजी मिळायची नाही, आणि मी रोज रात्री गच्चीवर जाऊन त्यांना व्हिडिओ कॉल करायचे म्हणजे आईला ऐकू जायला नको. त्यांनी कधी तक्रार केली नाही. पण एकदा कॅमेरा चुकून फिरला आणि ओट्यावर एक ताट, एक वाटी, एक पेला उपडा ठेवलेला दिसला, ते चित्र अजून डोळ्यासमोरून जात नाही.

माझं काय झालं हे विचाराल तर बाहेरून बघणाऱ्याला काहीच झालं नाही. डिस्टिंक्शन मिळालं, नोकरी लागली. आतून असं, की फोन व्हायब्रेट झाला की छातीत धस्स व्हायचं, अजूनही मी फोन सायलेंटवर ठेवते. ऑफिसात कुणी आवाज न चढवता, शांतपणे ‘आपल्याला बोलायचंय’ म्हणालं की माझे हात गार पडतात, कारण आमच्या घरात आरडाओरडा झालाच नव्हता, वाईट बातमी शांतपणेच आली होती. एक चांगला मुलगा आयुष्यात आला होता, त्याला मी दीड वर्षाने सोडलं, कारण सगळं नीट चाललंय हेच मला सहन होईना, वाटायचं आत काहीतरी चालू असेल आणि मला नेहमीसारखं शेवटी कळेल.

कॉलेजमधल्या समुपदेशकांकडे मी एकदा गेले होते, त्यांनी वीस मिनिटं ऐकलं आणि म्हणाले की आता तू मोठी आहेस, त्यांचं आयुष्य त्यांना जगू दे. पुन्हा गेले नाही. नोकरी लागल्यावर पैसे हातात आले तेव्हा दुसऱ्या एका मॅडमकडे सहा महिने गेले, त्यांनी मला एक साधं वाक्य पाठ करायला लावलं, ‘बाबा, हे तुम्ही आईला सांगा, मी सांगणार नाही.’ एवढं म्हणायला मला सहा आठवडे लागले. ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांच्यासाठी लिहिते, टेली-मानस म्हणून सरकारची हेल्पलाईन आहे, २०२२ पासून, १४४१६, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं.

त्या मॅडमनीच मला वाचायला लावलं. मी इंजिनियर, मानसशास्त्रातली नाही, पण जे वाचलं त्यातल्या दोन-तीन गोष्टींनी मला आधार दिला म्हणून सांगते. अमेरिकेत व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीत रॉबर्ट एमरी म्हणून मानसशास्त्रज्ञ, त्यांनी आणि लिसा लाउमन-बिलिंग्ज यांनी २००० मध्ये आई-वडिलांचा घटस्फोट झालेल्या कॉलेजच्या मुलांवर अभ्यास छापला. त्यांचं म्हणणं असं, की आजार वेगळा आणि वेदना वेगळी. ही मुलं बहुतेक नीट शिकतात, नोकरी करतात, तपासायला गेलं तर त्यांना डिप्रेशन वगैरे निघत नाही, पण आत दुखणारं बरंच काही वर्षानुवर्षं तसंच असतं, बापाला आपण हवे होतो का, लग्नात-समारंभात दोघं एकत्र आले तर काय, असलं. ते वाचून मला वाटलं, अरे, म्हणजे मी ठीक पण आहे आणि मला दुखतंय पण, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. आपल्याकडे एकतर ‘मुलगी वाया गेली’ नाहीतर ‘तिला काहीच फरक पडला नाही’, मधलं काही कुणाला माहीतच नाही.

दुसरे पॉल अमाटो, अमेरिकेतलेच समाजशास्त्रज्ञ. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० पासून त्याच त्याच कुटुंबांना पुन्हा पुन्हा प्रश्न विचारून मिळालेल्या माहितीवरून दाखवलं, की ज्या घरात सतत भांडणं, मारहाण होती तिथली मुलं घटस्फोटानंतर मोठेपणी उलट बरी निघाली, आणि जिथे भांडण फारसं दिसतच नव्हतं तिथली मुलं जास्त हलली. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. माझी रूममेट होती, तिचे वडील पिऊन आईला मारायचे, तिच्या आईला घटस्फोट मिळाला त्या दिवशी तिने अख्ख्या विंगमध्ये पेढे वाटले आणि त्या रात्री ती कितीतरी दिवसांनी गाढ झोपली. मी पेढा खाल्ला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. तिला कारण माहीत होतं. मला आजही माझ्या आई-बाबांचं कारण नीट माहीत नाही.

म्हणून कुणी हे पत्र घटस्फोटाच्या विरोधात वापरू नये. तसं वापरतील म्हणून मी लिहायला सात वर्षं घाबरले. २०११ च्या जनगणनेत देशात घटस्फोट झालेले साधारण साडेतेरा लाख लोक होते आणि घटस्फोट न घेता नुसते वेगळे राहणारे त्याच्या जवळजवळ तिप्पट, म्हणजे आपल्याकडे लोक मोडलेलं लग्न कागदावर तसंच ठेवून वर्षानुवर्षं राहतात. त्या घरातल्या मुलांचं तर कुणी विचारतच नाही. आई आज शिकवण्या घेते, ट्रेकला जाते, तिच्या चेहऱ्यावरचा ताण गेलाय, बाबा गाणं शिकतायत. त्यांनी वेगळं व्हायला नको होतं असं मी म्हणणार नाही.

पण ते अभ्यास तिकडचे. तिकडे अठराव्या वर्षी पोरं घराबाहेर पडतात, आपल्याकडे सत्तावीसाव्या वर्षीसुद्धा माझ्या प्रत्येक कागदावर मधलं नाव बाबांचं आहे, आणि फॉर्म भरताना आईचं नाव लिहायचं तर आता तिचं आडनाव माझ्यापेक्षा वेगळं, खिडकीवरचा माणूस चष्म्यावरून बघणारच. (१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव वडिलांच्या नावाआधी लिहायचा नियम महाराष्ट्र सरकारने केला, चांगलं झालं, आमचा नंबर त्यात लागत नाही.) आणि लग्न. स्थळं बघायला लागले तेव्हा वधू-वर मंडळाच्या फॉर्मवर वडिलांचं नाव, आईचं नाव, मामाचं आडनाव, आणि पत्ता एकच. एकच पत्ता लिहायला जागा. मंडळातल्या बाई म्हणाल्या, ‘आधीच सांगू नका, मुलगा-मुलगी पसंत पडल्यावर हळूच सांगू.’ एका घरातून चहा-पोहे झाल्यावर निरोप आला की मुलगी छान आहे पण घराणं मोडलेलं आहे. एकांनी तर विचारलं की तुला ॲडजस्ट करायची सवय असेल ना, आईसारखं नाही ना करणार. आईसारखं! जिने आमच्यासाठी इतकी वर्षं काढली तिच्याबद्दल. मोठ्या मुलांना काही होत नाही म्हणणाऱ्यांनी एकदा त्या खुर्चीत बसावं, पोह्यांची बशी मांडीवर घेऊन.

मला काय हवंय ते सांगते. तुमच्या पेपरचे वाचक वकील असतील, समुपदेशक असतील, त्यांनी कायदा बदलेपर्यंत थांबू नये, घरात अठरा ते पंचवीसचं मूल असेल तर त्यालाही एकदा आत बोलवा, त्याचं मत कोर्टात मांडायला नको, नुसतं झोप लागते का विचारा. कन्सेंट टर्म्समध्ये मोठ्या मुलांच्या फीची, हॉस्टेलची एक ओळ लिहून घ्या, ‘बघू ना’ वर सोडू नका, वकील आठवण करून देत नसतील तर तुम्ही द्या. आणि आई-बाबा लोकांनो, सांगताना दोघांनी मिळून सांगा आणि खरं सांगा, बदली-बिदली नको. दिवाळी कुणाकडे हे तुम्ही दोघं ठरवा आणि आम्हाला कळवा, आम्ही कितीही मोठे असलो तरी. एकमेकांचं गाऱ्हाणं सांगायला भाऊ-बहीण, मित्र, डॉक्टर कुणीही शोधा, मुलगी शोधू नका. नातेवाईकांनो, मुलांच्या पाठीवर हात ठेवून ‘आता आईला तूच सांभाळायचं’ असं म्हणायच्या आधी एकदा विचारा, तू जेवलीस का.

आता शेवटचं. मी जो मुलगा सोडला होता म्हणाले ना, तो परत आला, म्हणजे मीच गेले परत. आमचं ठरलंय. पत्रिकेवर कुणाचं नाव कसं घालायचं, ‘श्री. व सौ.’ कुठून आणायचे, कन्यादानाला पाटावर कोण बसणार यावर दोन महिने घालवले, मग आम्ही दोघांनी रजिस्टर करायचं ठरवलं, १९५४ चा विशेष विवाह कायदा, नोटीस द्यायची, तीस दिवस थांबायचं, आणि सहीला तीन साक्षीदार लागतात. तीन. मी आईला, बाबांना आणि भावाला वेगवेगळे फोन केले. भाऊ म्हणाला, ताई विचारतेस काय. आई जरा वेळ गप्प होती मग म्हणाली येईन. बाबा म्हणाले विचार करून सांगतो, आईला चालेल का ते विचारशील का, आणि मी म्हटलं, बाबा, ते तुम्ही तिला विचारा. परवा नोटीस दिली. अजून त्यांचा फोन आलेला नाही.

आपली,
एक वाचक, पुणे
(नाव छापू नये ही विनंती)